शिळेचा लाल कोपरा

सुवर्णा बोकीलने आयुष्यात जे काही मोजलं, ते बहुतेक गाड्यांचं होतं. दरवाजे, बॉनेट, टपाचे पत्रे, डॅशबोर्डचे साचे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात डेनिस नावाच्या माणसाची एक छोटी कंपनी होती, तिथे ती कामाला होती. कारखान्यांकडून पार्ट यायचे. सुवर्णा ते ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायची, सांधे असलेल्या एका यांत्रिक हाताच्या टोकाला लेझर बसवलेला असायचा, त्याची रेघ सावकाश पार्टवरून फिरवायची आणि कॉम्प्युटरवर पार्टचा हुबेहूब आकार उमटायचा. मग तो आकार मूळ ड्रॉइंगवर बसवून बघायचा. जुळला तिथे हिरवा रंग, दबला असेल तिथे निळा, वर आला असेल तिथे लाल. लाल दिसलं की पार्ट परत.

हे काम तिच्या स्वभावाला धरून होतं. ती मूळची काळजी करणारी. घराला कुलूप लावलं की ओढून बघायची, गाडीपर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा ओढून बघायची. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना मैत्रिणी तिची चेष्टा करायच्या. पण डेनिसला अशीच माणसं हवी होती. दोन हजार साली त्याने तिच्यासाठी व्हिसाचा अर्ज केला आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेली ती ‘डिपेंडंट बायको’ची नोकरदार झाली.

पुढच्याच वर्षी उलटं झालं. तिचा नवरा यतीन सॉफ्टवेअरमध्ये होता. २००१च्या पानगळीत त्याच्या कंपनीने एका सकाळी अर्धा मजला रिकामा केला. दुसरी नोकरी मिळेना, म्हणून यतीन सुवर्णाच्या व्हिसावर आला. आता त्याला इथे राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. तो स्वयंपाक करायचा, आठ वर्षांच्या अदितीला शाळेत सोडायचा, नोकरीच्या वेबसाइटी बघायचा. तिघांचं अमेरिकेत राहणं सुवर्णाच्या नोकरीवर आलं होतं, आणि तिचा व्हिसाही २००३च्या वसंतात वाढवून घ्यायचा होता. त्याचे कागद डेनिसने वकिलाकडे दिले होते.

अशात २००२च्या हिवाळ्यात डेनिसने एक वेगळंच काम घेतलं. गाड्यांचं काम मंदावलं होतं, मशीन नुसतं उभं होतं. ट्रॉयपासून तासाभरावर एका कॉलेजचं लहानसं म्युझियम होतं. तिथे आयर्लंडची एक शिळा होती, हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एका थडग्यावरची. त्या देशात ख्रिस्ती धर्म रुजला त्या सुरुवातीच्या शतकांत मठांच्या आवारात अशा शिळा घडवत. कुणा श्रीमंत माणसाने ऐंशी वर्षांपूर्वी ती एका बेटावरून विकत आणली आणि पुढे कॉलेजला देऊन टाकली. आता कॉलेजने ठरवलं होतं, की ती जिथली तिथे परत पाठवायची. मार्चमध्ये बेटावरची माणसं न्यायला येणार होती. त्याआधी शिळेची दोन्ही अंगं लेझरने टिपून ठेवायची होती.

“दगड आहे,” डेनिस म्हणाला. “दरवाजापेक्षा सोपं. दरवाजा चमकतो, लेझरला त्रास देतो.”

डिसेंबरमध्ये ती गेली तेव्हा म्युझियमच्या तळघरात रूथ हॅलोरन तिची वाट बघत होती. साठीच्या आसपासची, पांढऱ्या केसांची, हातात कायम सुती मोजे. दगडी वस्तूंची डागडुजी आणि देखभाल हे तिचं काम. शिळा एका जाड फोमवर उताणी ठेवलेली होती. दारापेक्षा थोडी लहान, करडी, एका टोकाला निमुळती. मध्यभागी कोरलेला क्रूस, त्याच्या चारी हातांना जोडणारं वर्तुळ, आणि वरच्या बाजूला अक्षरांची एक ओळ. अक्षरं इतकी झिजलेली, की सुवर्णाला आधी ती दिसलीच नाहीत.

“हात लावून बघ,” रूथ म्हणाली आणि तिला मोज्यांची एक जोडी दिली. “बोटांना आधी कळतं.”

सुवर्णाने बोट फिरवलं. खरंच, एक खाच लागली, मग दुसरी.

“काय लिहिलंय?”

“‘अमुकसाठी प्रार्थना करा.’ नाव पुरतं वाचता येत नाही. सुरुवातीची तीन अक्षरं नक्की आहेत, पुढची लोक वेगवेगळी वाचतात. तू टिपलंस की कदाचित कळेल.”

सुवर्णाला आजोळच्या गावचे वीरगळ आठवले. देवळामागे तीन-चार उभे होते. लढाईत पडलेल्या माणसांचे दगड. कोण पडला, कधी, कुणालाच माहीत नव्हतं. गावातल्या बायका त्यांना शेंदूर लावायच्या आणि पोरं त्यांच्यावर बसून चिंचा खायची. ती स्वतःही बसलेली होती. हे तिने रूथला सांगितलं. रूथ हसली नाही. “मग तुला ठाऊक आहे,” एवढंच म्हणाली.

त्या दिवशी शिळेची पुढची बाजू टिपून झाली. संध्याकाळी सुवर्णाने स्क्रीनवर तो आकार उघडला आणि त्यावर एका बाजूने खोटा प्रकाश टाकला. सूर्य मावळताना शेतातली ढेकळं कशी उठून दिसतात, तशी अक्षरं उठून आली. रूथ खुर्ची पुढे ओढून बसली. रोमन लिपीतल्या त्या नावाचं चौथं अक्षर दिसत होतं. पाचवंही, आणि पुढची दोनही. तिने स्क्रीनवर बोटाने एकेक अक्षर ओढून पाहिलं. मग म्हणाली, “कॉनमेल. मला वाटतं कॉनमेल आहे.” आणि तिने ते नाव पुन्हा एकदा, जरा वेगळ्या उच्चाराने म्हटलं.

घरी परतताना सुवर्णाला फार दिवसांनी बरं वाटलं होतं.

जानेवारीत ती परत गेली. मागची बाजू टिपायची तर शिळा पालथी करायला हवी होती. रूथने विचारलं होतं, “पालथी न करता जमेल का? उभी धरून?” सुवर्णाने विचार करून सांगितलं होतं, की उभी धरली तर ती जरातरी हलणार, आणि मग मोजमापाला अर्थ राहणार नाही. तेव्हा चार माणसांनी पट्टे लावून, फोमच्या दोन गाद्यांमध्ये शिळा धरून ती पालथी केली. सगळं सावकाश, न बोलता झालं. मागची बाजू कोरी होती, नुसत्या छिन्नीच्या खुणा. ती टिपून शिळा परत उताणी केली. पुढची आणि मागची बाजू कॉम्प्युटरवर एकमेकींना शिवायची म्हणून सुवर्णाने पुढच्या बाजूचाही काही भाग पुन्हा टिपला.

शिवण घालायचं काम तिने ट्रॉयच्या ऑफिसात केलं. डिसेंबरचा आकार खाली, जानेवारीचा वर. सवयीने तिने रंगांची तुलना लावली.

सगळी शिळा हिरवी आली. वरचा उजवा कोपरा मात्र लाल होता.

पोस्टाच्या तिकिटाएवढा डाग. बरोबर नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांवर. तो भाग डिसेंबरपेक्षा वर आला होता. किती, तर नखाच्या जाडीइतका. दरवाजाच्या पत्र्यात एवढा फरक असता तर तिने विचार न करता पार्ट परत केला असता. पण हा दगड होता. दगड महिन्याभरात वर येत नाही.

तिने आधी स्वतःवरच संशय घेतला. मशीन गाडीतून थंडीत नेलं होतं, पुरतं गरम व्हायच्या आधी सुरू केलं असेल. दोन आकार बसवताना चूक झाली असेल. तिने सगळं पुसून पुन्हा बसवलं. डाग तिथेच. वेगळ्या खुणा धरून बसवलं. डाग तिथेच, थोडा गडदच.

आणि मग तिला आठवलं. शिळा पालथी करायला तिनेच सांगितलं होतं.

डेनिस तिच्या टेबलाशी आला तेव्हा ती स्क्रीनकडे बघत बसली होती. त्याने वाकून पाहिलं.

“नॉइज आहे, लेझरची खरखर,” तो म्हणाला. “थोडं स्मूद कर, निघून जाईल.”

“बाकी कुठेच नाहीये. नॉइज असता तर सगळीकडे असता.”

डेनिसने खुर्ची ओढली. तो वाईट माणूस नव्हता. त्या मंदीत त्याने स्वतःचा पगार थांबवून माणसांना धरून ठेवलं होतं. “हे बघ,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी त्यांना सांगितलंय, आमचं मशीन चुकत नाही. आता आपण म्हणायचं, की बहुतेक चुकलंय? किंवा मशीन बरोबर आहे आणि तुमचा दगड फुटतोय? आणि तोही आपण उलटवायला सांगितल्यावर? त्यांचे पाहुणे मार्चमध्ये येतायत. तुला खात्री आहे का?”

“नाही.”

“मग खात्री नसताना घाबरवू नकोस कुणाला.”

तो उठून गेला. जाता जाता म्हणाला, “वकिलाचा फोन आला होता. तुझे कागद पुढच्या आठवड्यात जातील.” त्याला त्यातून काही सुचवायचं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी ती दोन वाक्यं तिच्या डोक्यात एकाला एक चिकटून राहिली.

पुढचे काही दिवस तिने काही केलं नाही. दरवाजे मोजले. एका दरवाजाचं मोजमाप तिने तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच आलं, तरी तिला पटेना. जेवताना अदितीने दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. “आई, यू आर नॉट लिसनिंग,” अदिती म्हणाली आणि ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसली.

शनिवारी दुपारी अपार्टमेंटच्या लाँड्रीत कपडे वाळायला टाकून ती आणि यतीन बाकावर बसले होते. तिने त्याला सगळं सांगितलं.

यतीनने आधी अभियंत्यासारखे प्रश्न विचारले. कॅलिब्रेशन कधी केलं होतंस, टेम्परेचर काय होतं. मग तो मुद्द्यावर आला.

“सांगितलंस तर काय होईल?” त्याने विचारलं.

“डेनिसचं नाव जाईल. कदाचित माझी नोकरी जाईल.”

“म्हणजे आपण तिघं जाऊ.”

“हो.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

“मार्चमध्ये ते पेटीत भरून विमानात घालतील. तो कोपरा खरंच सुटला असेल, तर वाटेत चुरा होईल.”

ड्रायरमध्ये अदितीच्या जीन्सचं बटण टकटक आपटत होतं. यतीन म्हणाला, “यार, तुला खात्री पण नाहीये. एका डागासाठी? मी रोज सकाळी उठून आपण इथे अजून आहोत की नाही ते बघतो, सुवर्णा. तू ऑफिसला जातेस तेव्हा तुला ते दिसत नाही.”

तो रागाने बोलत नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. कपडे वाळले, त्यांनी घड्या घातल्या. चादरीची टोकं धरून दोघं समोरासमोर आले तेव्हा तोच म्हणाला, “पण तू आयुष्यात एकदाही लाल पार्ट पुढे पाठवला नाहीयेस. पाठवलास तर काय होशील मला माहीत नाही. तशा तुझ्याबरोबर घरात मी तरी कसा राहू? सांगून टाक.”

सोमवारी तिने रूथला फोन केला. आधी डेनिसला सांगितलं, की मी फोन करतेय. तो खांदे पाडून म्हणाला, “तू करणारच होतीस.”

फोनवर तिचा आवाज बारीक निघाला. “रूथ, माझ्या दोन मोजमापांत फरक येतोय. नावापाशी. एकतर माझी चूक आहे, नाहीतर शिळेचा कोपरा वर आलाय. मला नक्की माहीत नाही. पण तुम्हाला माहीत नसणं बरोबर नाही.”

पलीकडे रूथने कागद ओढल्याचा आवाज आला.

“किती वर?”

“नखाएवढा.”

“उद्या येशील?”

दुसऱ्या दिवशी ती बर्फातून गाडी चालवत गेली. सोबत तिने पोलादी गोळ्यांची पट्टी घेतली होती. तिची लांबी पक्की ठाऊक असते, त्यामुळे ती मोजून मशीन खरं बोलतंय की नाही हे कळतं. मशीन पुरतं गरम होऊ दिलं, मग आधी पट्टी मोजली. मशीन बरोबर होतं. म्हणजे एक दार बंद झालं. मग शिळेचा कोपरा टिपला. रूथ शेजारी उभी होती.

डाग वाढला होता. तिकिटाएवढा होता तो आता काड्यापेटीएवढा झाला होता.

मधल्या काळात शिळेला कुणी हातही लावला नव्हता.

रूथने मोजा काढला आणि बोटाच्या पेराने कोपऱ्यावर अगदी हलकं वाजवलं, मग मधोमध वाजवलं. फरक सुवर्णालाही ऐकू आला. कच्च्या आणि पिकलेल्या कलिंगडासारखा. “डिसेंबरमध्ये वाजवलं होतं,” रूथ म्हणाली. “तेव्हा भरीव वाजला होता. निदान मला तसा वाटला होता.”

मग तिने तळघराच्या छताकडे पाहिलं. तिथून हीटरचा गरम वारा येत होता. ती सांगू लागली तेव्हा सुवर्णाला पहिल्यांदाच कळलं, की मोजून फक्त ‘काय’ कळतं, ‘का’ नाही. शिळा समुद्रकाठची. शेकडो वर्षं खारं पाणी प्यालेली. वरच्या मजल्यावर प्रदर्शनात होती तोवर हवा सांभाळलेली होती. परत पाठवायची म्हणून शरद ऋतूत ती तळघरात आणली, आणि यंदाची थंडी कडक, हीटर अहोरात्र सुरू. दगड आतून कोरडा पडत होता. आतलं मीठ पृष्ठभागाखाली खडे धरत होतं आणि वरच्या पापुद्र्याला उचलत होतं.

“म्हणजे पालथी केल्यामुळे नाही?” सुवर्णाने विचारलं.

रूथने मोजा परत चढवला. “मीठ त्याआधीपासून होतं,” ती म्हणाली. “पालथी करताना पापुद्र्याला धक्का बसला असेल का? असू शकेल. मला ठाऊक नाही. पालथी करायला तू सांगितलंस, मी होकार दिला, आणि तळघरात आणायला तर मीच सांगितलं होतं.”

दुपारी म्युझियमच्या संचालकांनी दोघींना वर बोलावलं. आयर्लंडहून येणाऱ्या पाहुण्यांची तिकिटं निघाली होती, समारंभ ठरला होता, गव्हर्नरांना निमंत्रण गेलं होतं. संचालक सभ्यपणे पण तुटकपणे म्हणाले, “मिसेस बोकील, डोळ्यांना काहीही दिसत नाहीये. तुम्हाला खात्री आहे?”

सुवर्णा म्हणाली, “तो भाग हलला, याची खात्री आहे. का हलला आणि पुढे किती हलेल, ते मला सांगता येणार नाही.”

“मी सांगते,” रूथ म्हणाली. “थांबला नाही तर तो पडेल.”

समारंभ पुढे ढकलला गेला. सुवर्णा खाली मान घालून गाडीपर्यंत आली.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. तळघरातला हीटर बंद करून शिळेभोवती प्लास्टिकचा तंबू उभारला, आत हवा हळूहळू दमट केली. एकदम केली असती तर मीठ विरघळून आणखी गोंधळ झाला असता. सुटलेल्या पापुद्र्यावर रूथने अगदी पातळ जपानी कागद चिकटवला, आणि त्याच्या कडेला, शिळेलगत, कापसाची एक लांबट गादी ठेवली. सुवर्णा दर आठवड्याला जाऊन कोपरा टिपायची. डेनिसने त्याचे पैसे लावले नाहीत. येण्याजाण्याचा दिवस मात्र त्याला जड जात होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. वाढ मंदावली. एका आठवड्यात जवळजवळ थांबली. रूथ म्हणाली, पुढच्या आठवड्यात सुईने आत चिकटद्रव सोडू.

तो पुढचा आठवडा आला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस सुवर्णा तंबूच्या फटीतून लेझरची रेघ फिरवत होती. मशीनचा हात शिळेला लागत नव्हता, वीतभर अंतर होतं. स्क्रीनवर ओळीमागून ओळ उमटत होती. एका ओळीनंतर आकार एकदम तुटला. आधी तिला वाटलं, प्रोग्राम अडकला. मग तिने मान वळवली.

कोपरा नव्हता. जपानी कागद एका बाजूने लोंबत होता, त्याला काही कपच्या चिकटून राहिल्या होत्या. बाकीच्या कापसाच्या गादीवर पडल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये करडी बारीक पूड. आवाज झाला असेल तर तिला ऐकू आला नव्हता.

“रूथ,” ती म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो, पण रूथने नंतर सांगितलं, की ती कुजबुजली होती.

रूथ आली, बघितलं, आणि हात मागे बांधून उभी राहिली, जणू हात पुढे गेले तर आणखी काही पडेल. मग तिने तिथल्या तिथे, शिळेशेजारी फरशीवरच बैठक मारली. सुवर्णाही बसली. तिला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. ज्या कुणासाठी प्रार्थना करा म्हणून कोरलं होतं, त्याचं नाव हजार वर्षं टिकून तिच्या डोळ्यांसमोर अर्धं झालं होतं.

“मी इथे नसते तर?” ती म्हणाली.

“तर ते रविवारी पडलं असतं,” रूथ म्हणाली, “किंवा विमानात, आणि आपल्याला पेटी उघडेपर्यंत कळलं नसतं. ऊठ. कपच्या आहेत तोवर काम आहे.”

पुढचं काम सुवर्णाचं होतं, आणि असं काम तिने कधी केलं नव्हतं. मोठ्या-लहान मिळून चाळीसेक कपच्या होत्या. रूथने एकेक चिमट्याने उचलून स्वतंत्र डबीत ठेवली. सुवर्णाने प्रत्येक कपची टिपली आणि डिसेंबरच्या आकारावर, जेव्हा पृष्ठभाग अखंड होता, ती कुठे बसते ते शोधू लागली. एक कपची कुठे बसते हे सापडायला कधी अर्धा दिवस लागे. चुकीच्या जागी बसवली तर दगडावर ती चुकीच्याच जागी चिकटणार, कायमची. त्यामुळे ती जुळलेली कपची पुन्हा उचलायची, पुन्हा बसवायची. यतीन शेजारी येऊन बसायचा. घरच्या कॉम्प्युटरवर त्याने तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो कपचीच्या कडेवरून तिच्या शक्य जागा सुचवायचा. अंतिम जागा सुवर्णाच ठरवायची. कित्येक महिन्यांनी यतीन कशात तरी बुडून गेलेला तिला दिसला. “तू पगाराशिवाय काम करतोयस, कायद्यात बसतं ना?” तिने काळजीने विचारलं. “बायकोच्या कपच्या जुळवायला व्हिसा लागत नाही,” तो म्हणाला, आणि दोघं हसली. तरीही दुसऱ्या दिवशी तिने वकिलाला विचारून घेतलं.

सगळ्या कपच्या जुळल्या नाहीत. शेवटच्या अक्षराचा पाय पूड होऊन गेला होता, तो परत येणार नव्हता. रूथने त्या जागी काहीही भरलं नाही. पोकळी तशीच ठेवली. “इथे काय होतं ते तुझ्या डिसेंबरच्या फाइलीत आहे,” ती म्हणाली. “दगडावर मी खोटं लिहिणार नाही.”

त्यावर एका बैठकीत वादही झाला. आयर्लंडहून आलेले एक प्राध्यापक म्हणाले, त्या फाइलीतली रेघ अक्षराची की छिन्नीच्या घसरण्याची, हे आता कोण ठरवणार? दगड तर उरला नाही. कॉनमेल की आणखी कुणी? रूथ म्हणाली, कॉनमेल. सुवर्णाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला ती भाषा येत नाही. खाच होती आणि किती खोल होती, एवढंच मी सांगू शकते.” प्रश्न तसाच राहिला.

तिचा व्हिसा एप्रिलमध्ये वाढून आला. पाकीट उघडताना यतीनने ते तिच्या हातून घेतलं, कारण ती आतल्या कागदासकट ते फाडतच होती.

शिळा पुढच्या वर्षी जून महिन्यात गेली. समारंभ लहान झाला. सुवर्णा गेली नाही. त्या दिवशी एका नव्या गाडीच्या टपाचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर तिला पेटी उचललेली बघायची नव्हती. रूथने दुपारी फोन करून सांगितलं, “गेली.” मग काही आठवडे सुवर्णा रोज ईमेल उघडायची. बेटावर एका जुन्या चर्चच्या आत, वाऱ्यापावसापासून दूर, शिळा ठेवली होती आणि तिथल्या लोकांनी ती पोचल्यावर पुन्हा लेझरने टिपली होती. ती फाइल आली तेव्हा सुवर्णाने ऑफिसात उघडली नाही, घरी आणली.

सगळी शिळा हिरवी होती. उजव्या कोपऱ्यात, एका कपचीच्या कडेला, फिकट पिवळी रेष होती, हिरव्या आणि लालच्या मधला रंग.

“एरर आहे,” यतीन मागून म्हणाला. “तुझ्या मशीनची आणि त्यांच्या मशीनची मापं एवढी तरी वेगळी येणारच.”

“हो, एरर आहे,” ती म्हणाली. ते तिला त्याच्याआधी कळलं होतं. तरी ती त्या पिवळ्या रेषेकडे बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने बेटावरच्या माणसाला लिहिलं, की जमल्यास हिवाळा संपल्यावर तेवढा कोपरा परत टिपाल का.

त्यांनी टिपला. त्यानंतर दर वर्षी टिपतात.

पुढे यतीनला दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला नोकरी मिळाली. काही वर्षं तो सोमवारी जायचा आणि शुक्रवारी यायचा, आणि दर शुक्रवारी तो हायवेवर असताना सुवर्णा फोन जवळ ठेवून बसायची. डेनिसने कंपनी विकली, तो फ्लोरिडाला गेला. रूथ निवृत्त झाली, २००७मध्ये वारली. तिच्या अंत्ययात्रेला सुवर्णा एकटीच गाडी चालवत गेली. तिथे एका पाद्र्याने रूथसाठी प्रार्थना करा असं म्हटलं. सुवर्णाला प्रार्थना कशी करायची ते ठाऊक नव्हतं. तिने सगळ्यांसारखी मान खाली घातली आणि मनात रूथचं नाव घेतलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सावकाश.